शेवटच्या माणसाने बसायचं नसतं

लंडनजवळच्या वॉटफर्डच्या त्या घरात मी अडीच वर्षं राहिले आणि तिथल्या एकाही हिवाळ्यात माझी झोप पुरी झाली नाही. माझी खोली मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या वर. पहाटे पाचला बॉयलर चालू झाला की भिंतीतल्या पाइपांमधून ठक, ठक असा आवाज फिरायला लागायचा, आधी बाथरूमकडून आणि मग थेट माझ्या उशाशी. त्यानंतर जिन्यावर वहिनींच्या सपाता, मग केटल, मग कुकरची पहिली शिट्टी. पहाटे साडेपाचला कुकर लावणारी बाई त्या रस्त्यावर दुसरी नसावी. मी पांघरुणात पडल्यापडल्या शिट्ट्या मोजायची आणि चौथीला उठायची, कारण चौथीनंतर बाथरूम दादाच्या ताब्यात जायची. ऑफिसला निघताना काळोख, परत येताना काळोख. मधला जो काही उजेड असायचा तो मी विम्याच्या एका सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यात घालवायची, आणि त्या चुका काही संपायच्या नाहीत. चोविसाव्या वर्षी माणसाने इतकं थकलेलं असू नये, असं आता पन्नाशीला टेकताना वाटतं. तेव्हा वाटायचं, मोठं होणं म्हणजे बहुधा हेच.

दादा म्हणजे सुहासदादा. माझा सख्खा भाऊ नव्हे. पुण्यात कॉलेजात असताना मी ज्या ट्रेकिंग क्लबात होते, त्याचा तो लीडर. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा, पण डोंगरात अहो-जाहो चालणार नाही हा त्याचाच नियम, म्हणून त्याला मी ‘तू’ म्हणायची. मेघनावहिनी मात्र डोंगरात यायच्या नाहीत, त्यामुळे त्यांना ‘तुम्ही’. दादा नोकरीसाठी आधी इंग्लंडात आला, वर्षभराने माझा बायोडाटा त्यानेच आपल्या कंपनीत पुढे सरकवला, आणि मी आले तेव्हा विमानतळावर हातात एक जास्तीचं जॅकेट घेऊन उभा होता. पाठीमागची खोली त्यानेच दिली. सह्याद्रीतल्या कड्यावर पाय कुठे ठेवायचा इथपासून इंग्रज मॅनेजरला ‘नाही’ कसं सांगायचं इथपर्यंत मला सगळं त्यानेच शिकवलं. त्याला स्वतःला ‘नाही’ कसं म्हणायचं, तेवढं मात्र राहून गेलं होतं.

क्लबाचे नियम थोडे होते आणि ते दादा कुऱ्हाडीने तोडल्यासारखे बोलायचा. लीडरचा शब्द शेवटचा. पार्टी तुटता कामा नये, म्हणजे काहीही झालं तरी सगळ्यांनी एकत्रच जायचं. आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाने बसायचं नसतं, कारण तो बसला तर पुढच्यांना कळत नाही. त्यासाठी मोजणी असायची. धुक्यात किंवा रानात दर थोड्या वेळाने लीडर पुढून ओरडणार ‘एक’, त्यामागचा ‘दोन’, आणि असं करत शेवटचा आपला आकडा सांगून वर ‘शेवट’ म्हणणार. ‘शेवट’ ऐकू आलं की चालत राहायचं. पुण्याच्या आसपासच्या डोंगरांत तीस-तीस पोरांची मोजणी मी ऐकली आहे. वॉटफर्डला आम्ही दोघंच उरलो होतो, तरी रविवारी आसपासच्या चिखलाच्या टेकड्यांवर फिरायला गेलो की दादा ‘एक’ म्हणायचा आणि मी ‘दोन, शेवट’ म्हणायची. कुत्री फिरवणारे म्हातारे वळून बघायचे.

त्या जानेवारीत दादाने ठरवलं की नॉर्थ वेल्समधला एक मोठा डोंगर बर्फात चढायचा. डोंगराचं नाव मी इथे लिहीत नाही, त्या डोंगराची त्यात काही चूक नव्हती. नवल म्हणजे या वेळी वहिनीही येते म्हणाल्या. जायच्या आदल्या दिवशी, संक्रांत दोन-तीन दिवसांवर होती म्हणून, आम्ही दोघी गूळपोळ्या करत होतो. वेंब्लीच्या देशी दुकानातून आणलेला गूळ दगडासारखा होता, तो किसून माझ्या मनगटाला रग लागली होती. पोळीतून गूळ फुटून तव्यावर सांडला की धूर व्हायचा आणि जिन्यातला स्मोक अलार्म कोकलायला लागायचा. मी खुर्चीवर चढून त्याला टी-टॉवेलने वारा घालायची, तो गप्प व्हायचा, मी खाली उतरायची, की पुढची पोळी फुटायची. असं पाच-सहा वेळा झाल्यावर मी वैतागून म्हटलं, “वहिनी, आपण दुकानातली बिस्किटं नेऊ या ना.”

“नको गं,” वहिनी म्हणाल्या. “इथली शेवटची संक्रांत आहे. नीट होऊ दे.”

मी खुर्चीवरच उभी राहिले. वहिनींनी पोळी उलटली, कडा दाबल्या आणि तव्याकडे बघतच सांगितलं, “त्यांचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू नाही झालं. मार्चमध्ये पॅक-अप. नोव्हेंबरपासून माहितीये त्यांना. मला परवा सांगितलं. तुला स्वतः सांगतील, डोंगरावरून आल्यावर. तू विचारू नकोस, प्लीज. एवढा एक डोंगर त्यांना नीट चढू दे.”

म्हणजे नोव्हेंबरपासून दादा रोज माझ्याबरोबर ट्रेनमध्ये बसत होता, माझ्या कामाच्या रडकथा ऐकत होता, मला धीर देत होता, आणि त्याच्या स्वतःच्या पायाखाली काहीच नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं आणि रागही आला. आणि एवढा एक डोंगर त्याला नीट चढू द्यायचा, हे मी मनात पक्कं केलं. पुढे जे झालं ते कळायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

आम्ही शनिवारी दुपारी गाडीने पोचलो आणि डोंगराच्या पायथ्याशी एका बंकहाउसमध्ये उतरलो. एका शेतकऱ्याच्या जुन्या गोठ्यात दुमजली पलंग टाकले होते. चालवणारी बाई ग्वेन, सत्तरीची, अंगात नवऱ्याचा असावा असा मोठा स्वेटर. तिच्याकडे एक पद्धत होती. डोंगरात जाणाऱ्याने एका चिठ्ठीवर नावं, घरचा पत्ता, कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजता परत, हे लिहून दाराजवळच्या खिळ्याला अडकवायचं, आणि आल्यावर स्वतःच्या हाताने काढायचं. दादाला हे फार आवडलं. त्याने सुवाच्य अक्षरात परतीची वेळ लिहिली, चार वाजता. ग्वेनने चिठ्ठी वाचली, चष्म्यावरून आमच्या बुटांकडे पाहिलं आणि विचारलं, क्रॅम्पॉन आहेत का. बुटांना खालून पट्ट्यांनी बांधायचे ते लोखंडी दाते. तिच्याकडे जुने दोन-तीन जोड होते.

“थँक यू,” दादा म्हणाला, “बट वी आर यूज्ड टू माउंटन्स.” वहिनींसाठी मात्र त्याने एक जोड घेतला, आणि आम्हा दोघांसाठी दोन आइस-ॲक्स, तेही बाईचं मन मोडू नये म्हणून.

ग्वेन नकाशाशी उभी राहिली. आठवडाभर बर्फ पडलं होतं, मधे एक दिवस वितळलं आणि परत गोठलं, ती म्हणाली, त्यामुळे खाली पाय आत जातील आणि वर घसरतील. डोंगराच्या लांबलचक सोंडेवरून वर जायची वाट तिने बोटाने दाखवली. मग माथ्यापासून सरळ खाली रस्त्याकडे येणाऱ्या एका घळीवर तिचं बोट थांबलं. ढग खाली आले तर गेलात त्याच वाटेने परत या, ती म्हणाली. या घळीतून नाही. हिवाळ्यात इथून लोक खाली येतात, पण ठरवून कुणी येत नाही. दादा नम्रपणे हसला. मी हसले नाही, कारण ती विनोद करत नव्हती.

सकाळी साडेआठला, उजाडल्याबरोबर निघालो. खालच्या कुरणांत बर्फावर कडक पापुद्रा धरला होता. पाय ठेवला की तो क्षणभर तग धरायचा, आता चाललो असं वाटायचं, आणि वजन टाकलं की गुडघ्यापर्यंत पाय आत. तो उपसून काढायचा, पुढचा टाकायचा, परत आत. सह्याद्रीत मी बारा-बारा तास चालले आहे, पण पावलागणिक असं फसवलं जाण्याने जो थकवा येतो तो वेगळाच. शंभर पावलांत मांड्या भरून आल्या. माझी जीन्स गुडघ्यापर्यंत भिजली आणि वर गेल्यावर पत्र्यासारखी कडक झाली. वारा आधी नव्हता, मग आला आणि थांबला नाही. तो जमिनीलगत बर्फाची बारीक पूड उडवत राहायचा आणि ती बाहीतून, कॉलरमधून आत शिरायची. सोंडेवर पोचलो तर तिथे उलटा प्रकार. वाऱ्याने मऊ बर्फ झाडून नेलं होतं आणि खाली काचेसारखा टणक थर. दादा आइस-ॲक्सने खाचा पाडत पुढे, मधे वहिनी, मागे मी. वहिनी दाते बांधून, टाकटाक आवाज करत, बाजाराला निघाल्यासारख्या सरळ चालत होत्या. दिवसभरात सगळ्यात कमी वेळा त्याच पडल्या. मी पाच-सहा वेळा आपटले, दादा तीनदा, आणि प्रत्येक वेळी तो उठून आधी मागे बघायचा की आम्ही पाहिलं का. वहिनी दरवेळी नेमक्या दुसरीकडे बघत असायच्या.

माथ्यावर पोचायला अकरा वाजतील असा दादाचा अंदाज होता. दीड वाजला. दगडांच्या एका आडोशाला बसून स्टीलचा डबा उघडला. गूळपोळ्या गोठून खापरी झाल्या होत्या. दातांनी तुटेनात, म्हणून वहिनींनी त्या आइस-ॲक्सने फोडल्या आणि आम्ही तुकडे गालात धरून बसलो. गूळ हळूहळू सुटायला लागला. दादा खूप खूश होता. नाकाचा शेंडा पांढरा, भुवयांवर बर्फ, आणि तोंडात पोळी घेऊन म्हणाला, “शुभे, मस्त ना? वर्थ इट ना?” मी म्हटलं, हो. मला खरं तर रडू येत होतं. बोटं बधीर होती, परतीची वाट तेवढीच लांब होती आणि मला वॉटफर्डच्या त्या ठकठकणाऱ्या पाइपांची आठवण येत होती.

बसलो होतो तेवढ्यात ढग उतरला. पाच मिनिटांत आभाळही पांढरं आणि जमीनही पांढरी, दोन्हींमधली रेघच गेली. उभं राहिलं की तोल जायचा, कारण डोळ्यांना धरायला काही नव्हतं. दादाने घड्याळ पाहिलं, नकाशा काढला आणि आम्हाला माथ्याच्या कडेने शंभरेक पावलं नेलं. तिथे पांढऱ्यात एक खळगा खाली जाताना दिसत होता. ती घळ.

“नाळ आहे ही,” दादा म्हणाला. “सरळ रस्त्यावर उतरते. तासाभरात खाली. सोंडेवरून गेलो तर चार तास लागतील, अंधार होईल, मेघनाच्या पायांचं काय?”

त्याचं म्हणणं मला चांगलं कळत होतं. सह्याद्रीत आम्ही कितीतरी नाळा उतरलो होतो. दोन कड्यांमधली पाण्याची वाट, दगडगोट्यांनी भरलेली. धुकं असो, रान असो, नाळ सापडली की गाव सापडतं, पाणी जिथे गेलं तिथे माणूस जातो. मुंबई-पुण्याकडच्या कुठल्याही ट्रेकरला त्या जागी हेच सुचलं असतं. मलाही सुचलं होतं. फक्त मला ग्वेनचं थांबलेलं बोट दिसत होतं.

दादाने पाठीवरची सॅक काढून बर्फावर ठेवली, ओणवा झाला आणि खाली बघायला लागला. सह्याद्रीत आम्ही नाळेत आधी एक दगड सोडून त्याचा आवाज ऐकायचो, त्यावरून उतार कळायचा. इथे सगळे दगड गोठून बसले होते. तो एक दगड बुटाने सोडवत होता तेवढ्यात त्याची सॅक हलली. आधी हातभर. मग थांबल्यासारखी वाटली. मग संथपणे, काही घाई नसल्यासारखी, नाळेच्या तोंडातून खाली घसरली आणि पांढऱ्यात दिसेनाशी झाली. आम्ही तिघं आवाजाची वाट बघत उभे राहिलो. आवाज आला नाही.

“गाडीची किल्ली होती त्यात,” दादा म्हणाला. “टॉर्चपण.” डबाही त्यातच होता. मग तो सरळ उभा राहिला. “आता तर उतरायलाच हवं. मी पुढे खाचा पाडतो, तुम्ही मागून या.”

“दादा, नको,” मी म्हटलं.

“काय नको?”

“या नाळेतून नको. ग्वेन नाही म्हणाली होती.”

“ग्वेनला हवामान बघून टुरिस्टांना असं सांगावंच लागतं, लायबिलिटी असते त्यांची. शुभे, मी वीस वर्षं डोंगरात फिरतोय.”

“मला माहितीये.”

“मग लीडर कोण आहे?”

“तू.”

“मग?”

मी खाली बसले. शूरपणा वगैरे काही नव्हता, उभ्याने मला हे बोलता आलं नसतं. त्याच्या चेहऱ्याकडे न बघता म्हटलं, “मी येत नाही, दादा. तू जा म्हणालास तरी येत नाही. आणि पार्टी तुटता कामा नये. तूच शिकवलंयस.”

मग टाकटाक करत वहिनी आल्या आणि माझ्या शेजारी बर्फात बसल्या. आयुष्यभर त्यांनी दादाला चारचौघांत ‘अहो’ म्हटलं असेल. तेव्हा म्हणाल्या, “सुहास, पुरे आता. मागे फिरू या.”

त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला आजही नको वाटतं. राग असता तर सोपं गेलं असतं. तो एकदम म्हातारा दिसला. वर्षानुवर्षं लीडर म्हणून पुढे चाललेला माणूस, नोकरी गेलेली, सॅक गेलेली, आणि शेवटच्या डोंगरावर दोन बायका त्याच्यासमोर बर्फात बसकण मारून बसलेल्या. त्याच्याकडून हा डोंगर मी हिसकावून घेतला, हे मला तिथेच कळलं. पण नियम त्याचा होता आणि तो नियम मोडणाऱ्यातला नव्हता. हातातला आइस-ॲक्स त्याने माझ्याकडे दांड्याकडून धरला. “माझा घे, तुझ्यापेक्षा धार बरी आहे. मग तू पुढे हो.”

अशी मी पुढे झाले. ढगात आमच्याच चढणीच्या खाचा शोधत. वाऱ्याने निम्म्या बुजवल्या होत्या. खाच सापडली नाही की वहिनींना जागेवर उभं करायचं, आजूबाजूला गुडघ्यांवर चाचपायचं, परत यायचं. थोड्या वेळाने मला आठवलं की मोजणी पुढच्याने सुरू करायची असते. ‘एक’ हा आकडा मी कधीच म्हटला नव्हता. आता ओरडून म्हटला. मागून वहिनींनी, त्यांना कुणी कधी शिकवलं नव्हतं तरी, ‘दोन’ म्हटलं. आणि त्यांच्यामागून दादाचा आवाज आला, “तीन, शेवट.” आम्ही चालत राहिलो.

दीड तास झाला, दोन तास झाले. सोंड उतरून ढगाखाली आलो तेव्हा उजेड जायला आला होता. परत तो पापुद्रा, परत पाय आत. माझ्या खिशात एक बारकी टॉर्च होती तिची बॅटरी थंडीने मेल्यातच जमा, पिवळा ठिपका पडायचा एवढंच. मी थकव्याच्या पलीकडे गेले होते. ऑफिस, व्हिसा, घर, आई, काहीच मनात येत नव्हतं. फक्त पाय उपस, पाय टाक, आणि अधूनमधून ‘एक’. कुरणातली दगडी भिंत आली. ती ओलांडायला लाकडी पायऱ्या होत्या. मी ओलांडली, वहिनींना हात दिला. आणखी पन्नासेक पावलं गेलो आणि मी म्हटलं, “एक.”

“दोन.”

पुढे काही आलं नाही.

परत म्हटलं. वहिनींनी परत ‘दोन’ म्हटलं. मी त्यांना तिथेच थांबायला सांगितलं आणि मागे पळाले, पळाले म्हणजे काय, पडत-उठत गेले. दादा भिंतीच्या पलीकडे, तिला टेकून बसला होता. पाय लांब केलेले, हातमोजे काढून मांडीवर नीट जोडीने ठेवलेले. इतक्या थंडीत माणसाला उकडतंय असं वाटायला लागलं की तो गोठून मरायला टेकलेला असतो, हे त्यानेच आम्हाला एकदा क्लबात सांगितलं होतं.

“थोडं बसतो,” तो म्हणाला. जीभ जड झाली होती. “तुम्ही व्हा पुढे. माझं कॉन्ट्रॅक्ट गेलं, शुभे. तुला सांगणार होतो.”

“मला माहितीये.”

“मेघनाने सांगितलं? बरं झालं. मी आता बसतो थोडा.”

मी त्याला ओढून पाहिलं. माझ्याच्याने तो हलेना. समजूत घातली, वहिनी वाट बघतायत म्हटलं, तो नुसता मान डोलवत राहिला. शेवटी मी त्याच्या तोंडासमोर वाकले आणि ज्या आवाजात तो आम्हा तीस पोरांना दरडावायचा त्या आवाजात ओरडले, “सुहासदादा, शेवटच्या माणसाने बसायचं नसतं. ऊठ.”

त्याने डोळे वर केले. मला वाटतं त्याने मला ओळखलं नाही, त्याने तो नियम ओळखला. भिंतीला हात लावून तो उठला. मी त्याच्या हातांत मोजे घातले, लहान पोराला घालतात तसे, एकेक बोट शोधून. पायऱ्यांपलीकडे वहिनींनी आपली शाल सोडून त्याच्या डोक्याला गुंडाळली आणि त्याची एक बाजू धरली. तिथून खाली आम्ही तिघं शेजारी-शेजारी चाललो, रांग उरलीच नाही. तरी मी ‘एक’ म्हणत राहिले, आणि माझ्या कानापासून वीतभर अंतरावरून तो ‘तीन, शेवट’ म्हणत राहिला.

सहाला दहा कमी असताना कुरणाच्या फाटकाशी एक दिवा दिसला. ग्वेन उभी होती, हातात आमची चिठ्ठी. सहा वाजले की ती रेस्क्यूवाल्यांना फोन करणार होती. तिने आत नेऊन दादाला शेगडीपुढे बसवलं, ओले कपडे काढायला लावले, ब्लँकेटं दिली, आणि इतका गोड चहा पाजला की तो संक्रांतीलाही शोभला असता. टोस्टवर टोस्ट येत होते. मी सात खाल्ले. वहिनी दादाचे तळपाय आपल्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. निजायच्या आधी दादा उठला, दाराजवळ गेला आणि चिठ्ठी परत खिळ्याला अडकवून मग स्वतःच्या हाताने काढून ग्वेनकडे दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ट्रेनने घरी आलो. पुढच्या शनिवारी जास्तीची किल्ली घेऊन मी एकटीच गेले आणि गाडी वॉटफर्डला आणली. लायसन्स मिळून मला महिना झाला होता. एरवी दादाने मला गल्लीच्या टोकापर्यंतही एकटीने नेऊ दिली नसती. त्या वेळी त्यानेच किल्ली दिली. मोजणी त्याने परत कधी केली नाही. मार्चमध्ये ते दोघं पुण्याला गेले आणि मी पुढच्या खोलीत आले. तिथे पाइपांचा आवाज येत नव्हता, तरी पाचला जाग यायचीच.

एप्रिलअखेर एक खोकं आलं, दादाच्या नावाने, चिठ्ठीवरच्या त्या पत्त्यावर. ग्वेनने पाठवलं होतं. बर्फ वितळल्यावर कुणाला तरी सॅक सापडली होती. तिने सोबत चार ओळी लिहिल्या होत्या. घळीच्या मध्यावर उभा कडा आहे, उन्हाळ्यात तिथे धबधबा असतो. सॅक त्याच्या तळाशी होती. किल्लीचं प्लास्टिक फुटलं होतं, टॉर्चचा चुरा झाला होता. स्टीलचा डबा एका बाजूने पार आत गेला होता, माणसाने मुद्दाम हातोड्याने ठोकावा तसा. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून तो डबा मांडीवर घेतला आणि खूप रडले. मग वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, “यांना नको सांगू या, शुभा. असू दे.” मी म्हटलं, असू दे.

तेव्हापासून दरवर्षी संक्रांतीला दादाचा फोन येतो. तिळगूळ घ्या, गोड बोला, तुझा गुडघा कसा आहे, माझा कसा आहे, आणि मग दरवर्षी न चुकता, “शुभे, ती नाळ सोडायला नको होती हां. तासाभरात खाली असतो.” मी दरवर्षी म्हणते, “हो, दादा.” आधी म्हणताना जड जायचं. मग सवय झाली. त्या डोंगराचं एवढंच त्याच्याकडे उरलं होतं, आणि ते त्याला ठेवू देणं हे मी माझं काम समजत होते. डबा माझ्या ओट्यावर असतो, त्यात मी गूळ ठेवते.

या संक्रांतीला फोन आला तेव्हा मी त्याच डब्यातून गूळ काढत होते. तिळगूळ झाला, गुडघे झाले. मी त्या वाक्याची वाट बघत ‘हो, दादा’ तयार ठेवून बसले होते. ते वाक्य आलंच नाही. दादाने विचारलं, “डबा किती चेपलाय गं?”

मी हातातला गूळ परत डब्यात ठेवला. मग लक्षात आलं, वहिनींनी त्याच दिवशी सांगितलं असणार. त्यांना त्याच्यापासून काही लपवणं कधी जमलं होतं? म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं, आणि इतकी वर्षं मी त्याला सांभाळतेय असं समजत होते.

“बराच,” मी म्हटलं. “झाकण बसत नाही आता.”

पलीकडे वहिनींच्या हातातल्या भांड्यांचा आवाज येत होता.

“तू पुढे झालीस ते बरं झालं, शुभे,” तो म्हणाला, आणि फोन वहिनींकडे दिला.